वनस्पतिजन्य पूरक द्रव्यांनी ड्रिलिंग मड सुधारताना: निवडीपासून विहिरीपर्यंत

गवार डिंक घातलेला मड (विहीर खोदताना भोकात फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव) टेबलावर झाकून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढले, की बिघाड बहुधा आधी नाकालाच कळतो. आंबूस वास येतो, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात, पहिल्या दिवशी ९.५ असलेला सामू बराच खाली आलेला असतो आणि ढवळून पाहिले तर दाटपणा उरलेला नसतो. हा बिघाड करणारे जिवाणूच विहीर पूर्ण झाल्यावर टाकाऊ मडातला डिंक संपवून टाकतात, आणि वनस्पतिजन्य द्रव्य आपण निवडतो ते त्याच कारणासाठी. जो गुण आज नडतो, तोच महिनाभराने हवा असतो. म्हणून अशा द्रव्यावर काम सुरू करताना माझा पहिला प्रश्न नेहमी काळाचा असतो: हे द्रव्य मडात नेमके किती दिवस जगले पाहिजे? विहिरीचा तो टप्पा दोन दिवसांत संपणार असेल तर उत्तर वेगळे येते, आणि मड तीन आठवडे फिरत राहणार असेल तर अगदी वेगळे.

पुढील विवेचन पाण्यावर आधारित मडासाठी आहे. एखादे वनस्पतिजन्य द्रव्य निवडण्यापासून ते प्रत्यक्ष विहिरीत वापरून शेवटी त्याचा निकाल लावण्यापर्यंतचा क्रम त्यात दिला आहे.

आधी काम ठरवा, मग वनस्पती

बहुतेक प्रयोगांची सुरुवात उलटी होते. हाताशी एखादी साल, टरफल किंवा चोथा असतो आणि तो मडात घालून काय होते ते पाहिले जाते. श्यानता (दाटपणाचे माप) थोडी वाढते, गळती (मडातले पाणी भिंतीतून झिरपणे) थोडी घटते आणि निष्कर्ष लिहिला जातो. कोणतीही बारीक भुकटी मडात घातली तरी असे काहीतरी घडतेच, कारण घन कण वाढले की श्यानता वाढते. त्यामुळे आपल्या मडात नेमके काय कमी पडते आहे, हे कागदावर एका वाक्यात लिहून मगच द्रव्य शोधावे.

मडाने कटिंग्ज (खोदताना निघणारे खडकाचे तुकडे) वर आणायच्या असतात, पंप थांबला तरी त्या अधांतरी धरून ठेवायच्या असतात, भोकाच्या भिंतीवर पातळ आणि घट्ट फिल्टर केक (पाणी गळून गेल्यावर उरणारा मडातल्या कणांचा थर) बसवायचा असतो, शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक) फुगू व ढासळू द्यायचा नसतो, आणि ड्रिल पाइपचे घर्षण कमी ठेवायचे असते. यांतल्या प्रत्येक कामाला वेगळ्या रसायनाची वनस्पती लागते.

दाटपणा आणि गळतीवर नियंत्रण ही दोन कामे मुख्यतः बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, करतात. स्टार्च हा त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा घटक आहे. त्याचे फुगलेले कण फिल्टर केकमधल्या फटींत चपखल बसतात आणि पाणी अडवतात, शिवाय खाऱ्या पाण्यातही काम सोडत नाहीत. साध्या स्टार्चची उष्णतेची मर्यादा साधारण १२० अंश सेल्सिअस धरावी. गवार डिंक दाटपणा झटपट देतो, पण उष्णता वाढली की लवकर तुटतो, म्हणून तो उथळ भोकांना आणि वरच्या टप्प्यांना शोभतो. इसबगोलाचा भुसा पाणी धरून जेलसारखा होतो आणि गळती कमी करतो. चिंचोक्याची भुकटी पुरता दाटपणा देते ती गरम पाण्यात शिजवल्यावरच. थंड पाण्यात टाकून तिला नापास करणे हा तिच्यावर अन्याय आहे. सेल्युलोजपासून केलेले सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) आणि पीएसी (पॉलीअॅनायॉनिक सेल्युलोज) हेही मुळात वनस्पतीचेच, आणि ते स्टार्चपेक्षा अधिक उष्णता सोसतात. मात्र सेल्युलोजच्या साखळीवर जितके अधिक बदल केलेले असतील तितके त्यांचे विघटन मंदावते. झँथन गमचे नाव या यादीत अनेकदा घेतले जाते, पण तो झँथोमोनास कँपेस्ट्रिस या जिवाणूकडून किण्वनाने मिळतो. जैव आहे, विघटनशील आहे, परंतु वनस्पतिजन्य नाही.

मड फार दाट झाला असेल तर तो पातळ करण्यासाठी टॅनिन आणि लिग्नोसल्फोनेट वापरतात. बेंटोनाइट या मडातल्या फुगणाऱ्या चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजूंवर ऋण आणि कडांवर धन प्रभार असतो. कडा सपाट बाजूंना चिकटून पत्त्यांच्या घरासारखी रचना उभी राहते आणि मड थिजतो. टॅनिन त्या कडांवर जाऊन बसते आणि घर मोडते. क्वेब्राचो वृक्षाच्या लाकडाचे टॅनिन या कामासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात आहे. टॅनिन अल्कधर्मी मडातच नीट विरघळते, त्यामुळे सामू ९ च्या वर नसेल तर त्याच्याकडून काम होत नाही. लिग्नोसल्फोनेट कागद उद्योगात लाकडाचा लगदा करताना उरणाऱ्या द्रवातून मिळते; त्याचा क्रोमियमयुक्त प्रकार पर्यावरणाच्या दृष्टीने टाळावा.

शेल आवरण्यासाठी रिठ्यासारख्या सॅपोनिनयुक्त फळांचे आणि मेंदीच्या पानांचे अर्क संशोधनात तपासले गेले आहेत. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाण्यापासून दूर राहणारे असते. तो चिकणमातीच्या पृष्ठभागावर बसला की पाणी आत शिरणे अवघड होते. वंगण म्हणून वनस्पती तेलांची एस्टर चालतात. फटींतून मड वाहून जात असेल तर भुईमुगाची टरफले, सरकीची टरफले, अक्रोडाच्या कवचाचे दाणे, नारळाचा काथ्या, उसाची चिपाडे आणि लाकडाचा भुसा कामाला येतात. हे शेवटचे काम सर्वांत सोपे समजले जाते. माझ्या मते ते सर्वांत कमी अभ्यासपूर्वक केले जाते.

कच्चा माल हाच पहिला प्रयोग

कारखान्यातून आलेले पीएसी प्रत्येक पोत्यात जवळजवळ सारखे असते. शेतातून आलेली साल तशी नसते. हंगाम, जमीन, पिकण्याची अवस्था आणि साठवण यांनुसार तिच्यातले स्टार्च, पेक्टिन, टॅनिन आणि क्षार बदलतात. म्हणून माल स्वच्छ धुवावा, ५० ते ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि मगच दळावा. यापेक्षा बरीच जास्त उष्णता दिली तर भुकटी तपकिरी होते आणि आपण मूळ द्रव्याऐवजी भाजलेले द्रव्य तपासत बसतो. दळतानाही भांडे तापू देऊ नये. थांबून थांबून दळावे.

दळलेली भुकटी चाळून तिचे ठरावीक आकाराचे भाग वेगळे करावेत. २०० मेश म्हणजे ७५ मायक्रॉन. गळती आणि दाटपणासाठीची भुकटी या चाळणीखालची घ्यावी, कारण मोठे कण शेल शेकरच्या (मडातून कटिंग्ज गाळणाऱ्या हलत्या चाळणीच्या) जाळीवरच राहतील आणि पहिल्याच फेरीत कटिंग्जबरोबर बाहेर जातील. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले आणि विहिरीवर कुठे गेले ते कोणालाच न कळलेले द्रव्य बहुतेकदा जाळीवरच अडकलेले असते.

प्रत्येक खेपेचा ओलावा आणि राखेचे प्रमाण मोजून ठेवावे आणि पुढची सर्व वजने कोरड्या वजनावर धरावीत. एका खेपेत ६ टक्के आणि दुसरीत १४ टक्के ओलावा असेल, तर सारखेच वजन घेतले तरी प्रत्यक्ष द्रव्याचे प्रमाण वेगळे होते आणि दोन निकालांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

आधाराचा मड

प्रयोगशाळेत ३५० मिलिलिटर पाणी म्हणजे एक बॅरल असे धरण्याची पद्धत आहे, कारण ३५० मिलिलिटरमध्ये घातलेला १ ग्रॅम म्हणजे बरोबर बॅरलमागे १ पौंड, अर्थात घनमीटरमागे सुमारे २.८५ किलो. पाणी आधी तपासावे. कॅल्शियम जास्त असेल तर बेंटोनाइट नीट फुगत नाही आणि बहुशर्कराही आखडतात. अशा वेळी सोडा अॅश (सोडियम कार्बोनेट) घालून कॅल्शियम काढून टाकावे. त्यानंतर २२.५ ग्रॅम बेंटोनाइट थोडे थोडे घालत वेगवान मिक्सरवर सुमारे २० मिनिटे मिसळावे आणि झाकून १६ तास मुरू द्यावे. २२.५ ग्रॅम ही एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या १३ए या मानकात बेंटोनाइट तपासण्यासाठीची मात्रा आहे. ते बेंटोनाइट मानकाप्रमाणे असेल तर श्यानतामापकाचे मिनिटाला ६०० फेऱ्यांवरचे वाचन किमान ३० येते आणि गळती १५ मिलिलिटरपेक्षा जास्त होत नाही. आपल्या बेंटोनाइटने ही अट पुरी केली नाही तर पुढे जाऊ नये, कारण मग आपण वनस्पतीचे गुण न तपासता बेंटोनाइटच्या उणिवा झाकत असतो.

प्रत्येक वेळी तीन नमुने बरोबरीने करावेत: नुसता आधाराचा मड, त्यात नेहमीच्या वापरातला स्टार्च किंवा कमी श्यानतेचा पीएसी घातलेला मड, आणि नव्या द्रव्याचा मड. दुसरा नमुना अनेक जण गाळतात, आणि मग नवे द्रव्य काहीच न घालण्यापेक्षा बरे आहे एवढेच सिद्ध होते. खरा प्रश्न आहे तो बाजारात सहज मिळणाऱ्या द्रव्याच्या तुलनेत ते कुठे उभे राहते, हा.

मिसळण्याचा क्रम

भुकटी एकदम ओतली की बाहेरून ओले आणि आतून कोरडे असे गोळे होतात. कामावरची माणसे त्यांना फिश आय म्हणतात. एकदा झालेला गोळा तासभर ढवळूनही फुटत नाही, आणि शेकरवर जातो तो वाया. म्हणून भुकटी चिमटीचिमटीने, फिरत्या मडाच्या भोवऱ्याच्या कडेला टाकावी.

सर्वसाधारण क्रम असा ठेवावा: सोडा अॅश, मुरवलेले बेंटोनाइट, दाटपणा देणारा डिंक, गळती कमी करणारा स्टार्च किंवा सेल्युलोज, त्यानंतर कॉस्टिक सोड्याने सामू ९ ते १० पर्यंत, मग लागल्यास पातळ करणारे टॅनिन आणि सर्वांत शेवटी मडाचे वजन वाढवणारे बॅराइट हे खनिज. कॉस्टिक सुरुवातीलाच घालण्याचीही पद्धत आहे आणि पीएसीसाठी ती चालते; गवार डिंकासाठी मात्र मी ती कटाक्षाने टाळतो. गवार जास्त सामूच्या पाण्यात फार हळू फुगतो. उदासीनतेच्या जवळच्या पाण्यात त्याला आधी पुरता फुगू द्यावा आणि मग सामू वाढवावा. पाण्यात बोरेट असेल तर जास्त सामूला गवाराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि मडाचा अक्षरशः जेल होतो, हेही लक्षात असू द्यावे.

मात्रा १, २, ४ आणि ६ ग्रॅम अशी चढत्या क्रमाने तपासावी. एकाच मात्रेच्या निकालावरून द्रव्याची प्रकृती कळत नाही. कोणत्या मात्रेनंतर फायदा थांबतो आणि केवळ दाटपणा वाढत जातो, ते या मालिकेतून दिसते.

मोजमाप

श्यानतामापकावर ६००, ३००, २००, १००, ६ आणि ३ फेऱ्यांची वाचने घ्यावीत. ६०० च्या वाचनातून ३०० चे वजा केले की प्लॅस्टिक व्हिस्कॉसिटी मिळते, सेंटिपॉइजमध्ये. ३०० च्या वाचनातून ती वजा केली की यील्ड पॉइंट मिळतो, १०० चौरस फुटांमागे पौंडांत. समजा आधाराच्या मडाची वाचने ३० आणि २० आली, तर दोन्ही आकडे १० येतात. नवे द्रव्य घातल्यावर वाचने ४० आणि २६ झाली, तर प्लॅस्टिक व्हिस्कॉसिटी १४ आणि यील्ड पॉइंट १२ होतो. वरवर पाहता मड सुधारला असे वाटेल. पण इथे वाढ मुख्यतः प्लॅस्टिक व्हिस्कॉसिटीत झाली आहे, म्हणजे घन कणांच्या घर्षणात. कटिंग्ज उचलण्याची ताकद फारशी वाढलेली नाही आणि पंपावरचा भार मात्र वाढला आहे. न विरघळणाऱ्या चोथ्याचे हे ठरलेले लक्षण आहे. विरघळून साखळ्या पसरवणारा डिंक ३ आणि ६ फेऱ्यांची वाचने ठळकपणे उचलतो. त्यामुळे माझी नजर आधी या दोन आकड्यांकडे जाते.

जेलची ताकद १० सेकंदांनी आणि १० मिनिटांनी ३ फेऱ्यांवर मोजावी. दोन्हींत थोडाच फरक असला तर उत्तम. दहा मिनिटांचा आकडा कितीतरी पटींनी चढला असेल, तर पंप पुन्हा सुरू करताना दाबाचा झटका बसून नाजूक थर फुटण्याचा धोका असतो.

गळतीची नेहमीची चाचणी १०० पीएसआय दाबावर, सामान्य तापमानात, ३० मिनिटांची असते. गळून आलेले पाणी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साडेसात मिनिटांचे पाणी दुप्पट केले की ३० मिनिटांचा अंदाज येतो. प्रत्यक्ष आकडा या दुपटीहून बराच कमी निघाला, तर सुरुवातीला केक बसण्याआधीच पाणी भसकन गेले आहे असे समजावे. भरड भुकटीत हे हमखास दिसते. नंतर केक हलक्या हाताने धुऊन जाडी मोजावी आणि बोटाने दाबून पाहावा. चांगला केक पातळ, गुळगुळीत आणि चिवट असतो. गळती घटली पण केक जाड आणि मऊ झाला, तर पाइप भिंतीला चिकटण्याचा धोका वाढलेला असतो. केकची अवस्था वहीत शब्दांत लिहून ठेवावी. आकड्यात ती पूर्ण उतरत नाही.

खोल विहिरीसाठी उच्च दाब व उच्च तापमानाची गळतीही पाहावी लागते. त्या यंत्राचे गाळणक्षेत्र निम्मे असते, म्हणून मिळालेले पाणी दुप्पट करून लिहायचे असते. ही दुप्पट विसरल्यामुळे एखादे द्रव्य विनाकारण उत्तम ठरू शकते.

रिठ्यासारख्या सॅपोनिनयुक्त अर्कात फेस हा स्वतंत्र प्रश्न आहे. फेसातली हवा मडाचे वजन कमी दाखवते. अशा मडासाठी दाबयुक्त मड बॅलन्स (मडाचे वजन मोजण्याचा तराजू) वापरावा, आणि फेसरोधकाची जी मात्रा लागेल ती खर्चात व पर्यावरणाच्या हिशेबात धरावी.

उष्णतेत मुरवणे

ताज्या मडाचे आकडे सुंदर असतात, पण विहिरीत मड ताजा राहत नाही. नमुना एजिंग सेलमध्ये (घट्ट बंद होणाऱ्या धातूच्या भांड्यात) भरून रोलर ओव्हनमध्ये १६ तास फिरवावा; ६६, ९३ आणि १२० अंश ही सोयीची तापमाने आहेत. १०० अंशांच्या वर जायचे असेल तर सेलमध्ये नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो. सकाळी सेल पूर्ण थंड होऊ द्यावा, दाब सावकाश सोडावा आणि मगच झाकण फिरवावे. इथे घाई केल्याने हात भाजलेले मी पाहिले आहेत.

सेल उघडल्यावर पाच मिनिटे पुन्हा मिसळून सर्व मोजमापे परत घ्यावीत. इथे एक फसवणूक होते, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. कच्च्या पिठासारखे न शिजवलेले स्टार्च थंड पाण्यात फुगत नाही, खाली बसते. तोच नमुना ९३ अंशांवर फिरवला की स्टार्च ओव्हनमध्येच शिजते, कारण ते साधारण ६० ते ७५ अंशांना फुगून फुटते, आणि मुरवल्यानंतरचे आकडे मुरवण्यापूर्वीच्या आकड्यांपेक्षा चांगले येतात. अहवालात हे उष्णतेने सुधारणारे द्रव्य म्हणून नोंदले जाते. प्रत्यक्षात विहिरीवरच्या टाकीत ते थंडच पडणार असते आणि खालच्या तापमानाला पोहोचेपर्यंत काहीच काम करणार नसते. उपाय सरळ आहे: स्टार्च आधी शिजवून, वाळवून, दळून मगच तपासावे.

किती दिवस जगते

उष्णतेपेक्षा जिवाणूंची कसोटी अधिक कठोर असते आणि अधिक दुर्लक्षितही. मड ३० ते ३५ अंशांवर झाकून ठेवावा आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी सामू, श्यानता व गळती मोजावी. ओव्हनमधून निघालेल्या नमुन्यात जिवाणू बरेचसे मेलेले असतात, म्हणून ही चाचणी न तापवलेल्या मडावर स्वतंत्रपणे करावी. शक्य असल्यास जुन्या मडाचे थोडे थेंब त्यात मुद्दाम मिसळावेत. विहिरीवरची टाकी कधीच निर्जंतुक नसते.

स्टार्चयुक्त मडात आयोडिनची चाचणी मला फार उपयोगी वाटते. फिल्ट्रेटचे, म्हणजे गळून आलेल्या पाण्याचे, दोन मिलिलिटर पांढऱ्या तबकडीवर घ्यावेत आणि आयोडिनच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. स्टार्च शाबूत असेल तर गडद निळा रंग उमटतो. जिवाणूंनी साखळ्या कुरतडायला सुरुवात केली की रंग जांभळ्याकडे, मग लालसर तपकिरीकडे झुकतो आणि शेवटी आयोडिनचा पिवळसर रंगच उरतो. सामू फार जास्त असेल तर आयोडिनच विरते आणि रंग उमटत नाही, म्हणून फिल्ट्रेट आधी थोड्या आम्लाने उदासीन करावे. गळतीचा आकडा बिघडण्याआधी ही सूचना मिळू शकते, आणि तीही मिनिटभरात.

सडणे रोखण्याचे तीन मार्ग आहेत. सामू ११.५ च्या वर ठेवला किंवा मड मिठाने संपृक्त केला तर स्टार्च बराच काळ टिकते, पण मग टाकाऊ मडाचा क्षार किंवा अल्कली जमिनीला जड जातो. तिसरा मार्ग जिवाणूनाशकाचा, बहुधा ग्लुटाराल्डिहाइडचा. इथे प्रामाणिक हिशेब हवा. विघटनशील म्हणून निवडलेले द्रव्य टिकवण्यासाठी विषारी रसायन ओतत गेलो, तर एकूण मड पर्यावरणाला अधिक सोयीचा झाला की कमी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझा कल असा आहे की लहान टप्प्यासाठी जिवाणूनाशक टाळावे, द्रव्य थोडे थोडे ताजे घालत राहावे, आणि मोठ्या टप्प्यासाठी पीएसीसारख्या सावकाश विघटणाऱ्या द्रव्याकडे वळावे. सडलेला मड मात्र कधीही चालवून घेऊ नये. त्यात तयार होणारी आम्ले पोलाद खातात, आणि हवा न पोहोचणाऱ्या तळाशी सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडसारखा जीवघेणा वायू करू शकतात.

शेल आणि फटी

शेलसाठी २ ते ४ मिलिमीटर आकाराचे शेलचे तुकडे घ्यावेत, वाळवून २० ग्रॅम तोलावेत, मडात टाकून १६ तास ओव्हनमध्ये फिरवावेत, नंतर चाळणीवर धुऊन, वाळवून उरलेले वजन पाहावे. शुद्ध पाणी, पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आणि नवा अर्क या तिन्हींची तुलना करावी. केवळ बेंटोनाइटच्या गोळीवर केलेली फुगण्याची चाचणी पुरेशी मानू नये. खरा शेल वेगळा वागतो, आणि ज्या थरातून जायचे आहे तिथलाच नमुना मिळाला तर फारच चांगले.

फटी बुजवण्याच्या टरफलांसाठी आकाराचे मिश्रण महत्त्वाचे. अब्राम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेला ठोकताळा असा की बुजवणाऱ्या कणांचा मध्यम आकार छिद्राच्या आकाराच्या एकतृतीयांशाइतका तरी असावा. हा नियम छिद्रांसाठी आहे. फटीच्या तोंडावर अडणारे मोठे, त्यांच्यामधल्या जागा भरणारे मध्यम आणि वरून पाणी अडवणारे बारीक असे तीन गट एकत्र घालावेत. काथ्यासारखे तंतू त्यांना जाळीसारखे धरून ठेवतात. टरफले पाण्यात भिजून मऊ पडतात, त्यामुळे १६ तास भिजवल्यानंतरच त्यांची दाब सहन करण्याची ताकद तपासावी.

विघटन मोजल्याशिवाय बोलू नये

वनस्पतीचे आहे म्हणजे विघटते आणि निरुपद्रवी आहे, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. लिग्निन निसर्गातही फार सावकाश मोडते. टॅनिनचे रेणू प्रथिनांना बांधतात आणि सूक्ष्मजीवांनाही रोखतात. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. रिठ्याचा अर्क नदीजवळच्या विहिरीत वापरायचा विचार असेल, तर ही बाब शेलच्या चाचणीआधी तपासावी.

सहज जैवविघटनासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ३०१ मालिकेतल्या चाचण्या आहेत. २८ दिवसांच्या या चाचण्यांत सैद्धांतिक ऑक्सिजन मागणीच्या ६० टक्के किंवा विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या ७० टक्के विघटन व्हावे लागते, आणि विघटन १० टक्क्यांवर पोहोचल्यापासून १० दिवसांच्या आत ते साधावे लागते. समुद्राच्या पाण्यासाठी ३०६ क्रमांकाची चाचणी आहे. एवढी सोय नसेल तर बीओडी (विघटनासाठी सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी (रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) यांचे गुणोत्तर तरी काढावे; ते ०.५ च्या वर असेल तर द्रव्य चांगले विघटनशील समजतात.

याला दुसरीही बाजू आहे. झपाट्याने विघटणारे द्रव्य तितक्याच झपाट्याने ऑक्सिजन खाते. स्टार्चयुक्त मड लहान ओढ्यात किंवा तळ्यात गेला तर विषारी काहीही नसताना मासे गुदमरून मरू शकतात. टाकाऊ मड पाण्यात न सोडता जमिनीवर पातळ थरात, हवा खेळती ठेवून, नियंत्रित जागी विघटवणे त्यामुळे अधिक सुरक्षित. आणि द्रव्य विघटनशील झाले म्हणून मड विघटनशील होत नाही: बॅराइट, क्लोराइड आणि कटिंग्जबरोबर आलेले जड धातू तिथेच राहतात, त्यांचा निकाल वेगळा लावावा लागतो.

विहिरीवर

प्रयोगशाळेत ६ ग्रॅमची मात्रा योग्य ठरली असेल तर १०० घनमीटर मडाला सुमारे १.७ टन द्रव्य लागते. खरेदीआधी हा आकडा समोर ठेवावा, कारण काहीशे ग्रॅम साल वाळवणे आणि एकसारख्या प्रतीची दीड-दोन टन भुकटी मिळवणे यांत फार अंतर आहे. प्रत्यक्ष वापरण्यापूर्वी टाकीतल्या चालू मडाचा नमुना घेऊन त्यावर मात्रेची चाचणी पुन्हा करावी. त्यात कटिंग्जची माती, जुनी रसायने आणि थरातले क्षार मिसळलेले असतात.

हॉपरमधून (भुकटी मडात सोडण्याच्या नरसाळ्यातून) २५ किलोचे पोते साधारण दहा मिनिटांत सोडावे आणि पूर्ण मात्रा मडाच्या किमान एका पूर्ण फेरीत वाटून द्यावी. भुकटी उडते, म्हणून मास्क आणि चष्मा लागतो. सेंद्रिय भुकटीचा दाट ढग ठिणगीने पेटूही शकतो. पहिल्या फेरीनंतर शेकरच्या जाळीवर हात फिरवून पाहावे. बुळबुळीत थर लागला तर द्रव्य फुगण्याआधीच जाळीवर पोहोचते आहे: मिसळण्याची गती कमी करावी, किंवा वेगळ्या टाकीत आधी फुगवून मग चालू मडात सोडावे.

दर पाळीला सामू, फनेलची श्यानता, गळती आणि आयोडिनचा रंग नोंदवावा. मडातले बेंटोनाइट मोजणारी मिथिलिन ब्लूची चाचणी करताना हायड्रोजन पेरॉक्साइडसह उकळण्याची पायरी अजिबात चुकवू नये. सेंद्रिय द्रव्य रंग शोषून घेते आणि मडात आहे त्यापेक्षा जास्त बेंटोनाइट दाखवते. सामू कॉस्टिक घालूनही सतत घसरत असेल, तर कॉस्टिक वाढवत बसण्याऐवजी सडण्याचा संशय घ्यावा. वनस्पती तेलाचे एस्टर वंगण वापरले असेल तर उलट काळजी घ्यावी: जास्त सामू आणि उष्णता यांत त्याचा साबण होतो, कॅल्शियम असेल तर साबणाचे गोळे जमतात आणि फेसही येतो.

विहीर पाणी किंवा तेल देणाऱ्या थरापर्यंत पोहोचली, की भिंतीवरचा केक काढावा लागतो, आणि वनस्पतिजन्य द्रव्याचा खरा लाभ इथे पदरात पडतो. स्टार्चसाठी अमायलेज, गवार डिंकासाठी मॅनानेज आणि सेल्युलोजसाठी सेल्युलेज ही विकरे पाण्यात कालवून केकवर सोडतात आणि विकराच्या क्षमतेप्रमाणे काही तास ते एक-दोन दिवस मुरू देतात. त्याआधी सामू विकराला मानवेल इतका खाली आणावा, कारण ९.५ च्या मडात बहुतेक विकरे मंदावतात, आणि मडात जिवाणूनाशक घातले असेल तर त्यापुढे विकर टिकते का तेही बाटलीत करून पाहावे. केक सुटल्यावर परत आलेल्या पाण्याचा थेंब पुन्हा पांढऱ्या तबकडीवर घ्यावा आणि आयोडिन टाकावे. निळा रंग उमटला नाही, म्हणजे स्टार्च तुटले.